‘चालून दाखव’ ते ‘चल, फिरून येऊ’



आपल्याकडे मुलगी मोठी झाली की तिच्यासाठी ‘स्थळ’ बघायला लागतात. स्थळ म्हणजे खरं तर जागा. पण लग्नाच्या बोलण्यात स्थळ म्हणजे मुलगा, त्याचं घर, जमीन किती, पाणी आहे का, नोकरी पक्की की कंत्राटी, नणंदा किती. एवढी सगळी चौकशी होते. फक्त एक चौकशी बहुतेक वेळा राहून जाते. मुलीला हे लग्न करायचं आहे का, हे तिला कुणी विचारलं? आणि विचारलं असेल तर कुठे, कुणासमोर?

आज आम्ही या ‘कुठे’बद्दल बोलणार आहोत. आपल्या गावातली कितीतरी मुलंमुली मुंबईला कामाला आहेत. कुणी रुग्णालयात, कुणी मॉलमध्ये, कुणी कॉलेजात. त्यांच्यातल्या अनेकांचं लग्न घरच्यांनी जमवायच्या आधीच समुद्राच्या काठावर ठरलेलं असतं. मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्र्याचं बँडस्टँड, दादरची चौपाटी. ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हा प्रश्न विचारायला मुंबईत ही जागा निवडतात. आपल्याला वाटतं, सिनेमा बघून आलेलं खूळ. पण या कट्ट्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बायकांचा मोठा वाटा आहे. तो ऐकला तर आपल्या गावात काय करायचं, हेही जरा उमगेल.

आधी मागणी कुणाकडे जायची?

आपल्या भाषेत लग्नासाठी ‘मागणी घालतात’. मागणी जायची बापाकडे, चुलत्याकडे, नाहीतर थोरल्या भावाकडे. मग याद्या, देणंघेणं, सुपारी. मुलगी मधल्या खोलीत. बघायच्या कार्यक्रमात तिला बोलावलं तर प्रश्न कसले? नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. आणि मग कुणीतरी वडीलधारी म्हणायची, ‘जरा चालून दाखव गं.’ पायात काही व्यंग आहे का, ते बघायला. बाजारात बैल पारखतात तसं. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या कितीजणी अशा चालून दाखवलेल्या असतील, ते त्यांनीच सांगावं.

त्याही आधीच्या काळात तर मुलीला चालून दाखवण्याइतकंही वय नसायचं. आठव्या-नवव्या वर्षी लग्न. तिला विचारायचं म्हणजे काय विचारायचं?

पण त्या काळातही कुणीतरी हा प्रश्न उभा केला होता. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीशिवाय लग्न लावलं. पुढे जोतीरावांनी लग्नविधीच नव्याने लिहिला. त्यात वधू मुकी उभी राहत नाही. ती वराला बायकांच्या हक्कांबद्दल सुनावते, त्याच्याकडून शपथ मागते, आणि वर ती देतो. म्हणजे मांडवात सगळ्यांसमोर बाईने बोलायचं, अटी घालायच्या, आणि पुरुषाने त्या मान्य करायच्या. मंगलाष्टकं चालू असताना नवरीने बोलणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल, विचार करा.

रखमाबाईचा नकार

मुंबईत सुतार समाजात रखमाबाई नावाची मुलगी होती. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजीशी लग्न लावलं. पण ती आईकडेच राहिली, तिथेच वाढली. आईने दुसरं लग्न केलं होतं. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. त्यांच्या घरात पुस्तकं होती, रखमाबाई वाचायला शिकली. मोठी झाल्यावर तिने सांगितलं, या माणसाकडे मी नांदायला जाणार नाही. लग्न लावलं तेव्हा मला समज नव्हती, मी हो म्हटलेलं नाही.

दादाजीने १८८४ साली कोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ मध्ये रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला. पण ते प्रकरण पुन्हा वर गेलं, आणि मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन. सगळ्या मुंबईत, पुण्यात, पार इंग्लंडपर्यंत त्यावर वाद झाला. मोठमोठ्या पुढाऱ्यांनीही तिच्याविरुद्ध लिहिलं. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत-राजकोटला तिने कितीतरी वर्षं बायकांवर औषधोपचार केले.

तेव्हा लक्षात घ्या, ‘तिला विचारा’ हा हक्क कुणी ताटात वाढून दिला नाही. ‘नाही’ म्हणायला एका बाईने तुरुंगात जायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे लोक विचार करायला लागले.

चौपाटीजवळचं एक घर

त्याच काळात, म्हणजे मार्च १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ नावाची शाळा काढली. विधवा आणि निराधार मुलींनी शिकावं म्हणून. पुढच्या वर्षी ही शाळा पुण्याला गेली. पण तिची सुरुवात समुद्राच्या काठी झाली.

त्या शाळेत शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी होती गोदूबाई जोशी, कोकणातल्या देवरुखची. लहानपणीच विधवा झालेली. त्या काळच्या रीतीने तिचं आयुष्य तिथेच संपल्यात जमा होतं. पण ती शिकली. आणि १८९३ साली पुण्यात तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्वे विधुर होते आणि पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच करीन, असं त्यांनी ठरवलं होतं. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरुड गावाने या जोडप्यावर बहिष्कार टाकला. गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, लोक त्यांना ‘बाया कर्वे’ म्हणत. त्यांनी पुढे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिलं. एखाद्या गटात वाचायला मिळालं तर जरूर वाचा.

आज मुंबईत गेलात तर चर्चगेटहून रेल्वेरुळांच्या शेजारून एक मोठा रस्ता जातो. इंग्रजांच्या काळी त्याला क्वीन्स रोड म्हणत. आता त्याचं नाव महर्षी कर्वे रोड आहे. कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचं मुख्य ठिकाण चर्चगेटलाच आहे. आणि त्या रुळांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, त्या रस्त्याला समांतर कोणता रस्ता आहे? मरीन ड्राइव्ह. जिथे आजची पोरं लग्नाचं विचारतात.

समुद्र हटवून केलेला रस्ता

रखमाबाईच्या काळी हा रस्ता नव्हताच. समुद्र रेल्वेच्या रुळांजवळपर्यंत यायचा. काठावर वाळू, खडक, होड्या. पारशी मंडळी संध्याकाळी समुद्राला आणि मावळत्या सूर्याला हात जोडायला यायची.

मग सरकारने समुद्रात भराव घालायचं ठरवलं. चौपाटीच्या टोकाला काम सुरू झालं १८ डिसेंबर १९१५ ला आणि तो तुकडा १९२० मध्ये पूर्ण झाला. त्याला नाव होतं केनेडी सी फेस. पुढे मोठी भराव योजना आली. तिच्यात पैशांची अशी उधळपट्टी झाली की खुर्शीद नरिमन नावाच्या वकिलाने तो सगळा घोटाळा उघड केला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला जो नरिमन पॉइंट आहे, तो त्यांच्याच नावाचा. मंजुरी, निविदा, भराव, खर्च यांच्या तक्रारी आपण ग्रामसभेत करतो ना, तसंच हे, फक्त मोठ्या आकड्यांचं.

१९३० नंतर या रस्त्याच्या कडेला गोलाई असलेल्या गॅलऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारशात नोंद केली. समुद्राच्या बाजूला लांबच लांब कट्टा बांधला. पुढे लाटांचा मार अडवायला काँक्रीटचे चार पायांचे मोठे ठोकळे टाकले. रस्ता धनुष्यासारखा वळलेला, लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. रात्री दिवे लागले की हारासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला ‘राणीचा हार’ म्हणतात.

पण या किनाऱ्यावर बायका उजळ माथ्याने आल्या त्या हार बघायला नाही. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मीठ तयार करायला पुढे झालेल्यांत अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. त्यांच्यामागे घरोघरच्या बायका घागरी-कळशा घेऊन आल्या. ज्या बायका एकट्या गल्लीच्या टोकापर्यंत जात नव्हत्या, त्या पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. आणि योगायोग बघा, त्याच महिन्याच्या १ तारखेपासून शारदा कायदा लागू झाला होता. मुलीचं लग्नाचं वय चौदा. आज आपल्याला चौदा ऐकून धक्का बसतो, पण तेव्हा ते वाढवलेलं वय होतं. सध्याचं अठरा यायला १९७८ साल उजाडलं.

दहा बाय बाराची खोली

आता कट्ट्यावर बसणाऱ्यांकडे वळू. मुंबईत गिरणीत कामाला गेलेली माणसं आपलीच. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं. एक पाळी कामावर, एक पाळी झोपलेली. तिथे नवराबायकोलाही दोन शब्द बोलायला जागा नाही. १९७० सालचा ‘मुंबईचा जावई’ हा मराठी सिनेमा आठवतोय? नव्या जोडप्याला चाळीत एकांत मिळत नाही, एवढीच त्याची गोष्ट. लोक पोट धरून हसले, कारण ते घराघरात घडत होतं. पुढे त्यावर हिंदीत ‘पिया का घर’ आला.

ज्या शहरात लग्न झालेल्यांना जागा नाही, तिथे लग्न ठरवणाऱ्यांना कुठून असणार? हॉटेलात बसायचं तर पैसे लागतात. बागेला वेळेचं कुलूप असतं. समुद्राला तिकीट नाही, फाटक नाही. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, तीन स्टेशनं चालत पाच-दहा मिनिटांवर. दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले की तास दोन तास बसा. म्हणून हा कट्टा भरला. सिनेमावाल्यांनी तो नंतर दाखवला. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’मध्ये आणि १९७९ च्या ‘मंझिल’मध्ये तो गावोगावच्या लोकांनी पाहिला, आणि मग प्रेम म्हणजे मरीन ड्राइव्ह असंच होऊन बसलं.

कट्ट्याची आणखी एक गंमत आहे. त्यावर बसलं की तोंड समुद्राकडे आणि पाठ रस्त्याकडे. आजूबाजूला शेकडो माणसं असतात, पण तोंड कुणाचंच दिसत नाही. लाटांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि दोघं एकमेकांच्या समोर बसत नाहीत, शेजारी बसून एकाच दिशेला बघतात. अवघड प्रश्न विचारायचा असेल तर हे फार सोपं पडतं. आपणही बघा, मनातलं खरं बोलणं भाकरी थापताना, खुरपताना, नाहीतर रस्त्याने जोडीने चालताना होतं. समोर बसवून ‘आता बोल’ म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

बघायच्या कार्यक्रमात मुलगी एकटी चालायची आणि बाकी सगळे बघायचे. इथे दोघं चालतात आणि बघायला कुणी रिकामं नसतं. आमच्या मते शंभर वर्षांतला मोठा फरक हाच. ‘चालून दाखव’च्या जागी ‘चल, फिरून येऊ’ आलं.

कायदाही हळूहळू याच वाटेने आला. १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. दोन वेगळ्या जातीधर्माच्या सज्ञान माणसांना तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर, विवाह अधिकाऱ्याकडे लग्न करता येतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्यामागे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी केलेली मेहनत होती. ते बिल रखडवलं म्हणून त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, हे आपण विसरायचं नाही. आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने लग्न केलं, तर त्यात जातपंचायतीला किंवा खापपंचायतीला बोलायचा अधिकार नाही.

काठ सगळ्यांचा आहे का?

इथपर्यंत ऐकून वाटेल, समुद्राच्या काठावर सगळं आलबेल आहे. तसं नाही.

पाण्याच्या काठावर कुणी यायचं, यावर आपल्याकडे मोठे लढे झालेत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. आपल्या गावचा पाणवठासुद्धा एकेकाळी वाटलेला होता. तेव्हा ज्या काठावर कोणत्याही जातीची मुलगी कोणत्याही जातीच्या मुलाशेजारी बसू शकते, तो काठ साधा नाही.

पण तिथेही जोडप्यांना हटकतात. पोलीस कायद्यात सार्वजनिक ठिकाणी असभ्य वागण्याबद्दल दंडाचं कलम आहे. ते दाखवून नुसत्या शेजारी बसलेल्या मुलामुलींकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या. फेब्रुवारीत संस्कृती रक्षणाच्या नावाने टोळकी फिरतात ती वेगळीच. आणि एप्रिल २००५ मध्ये याच मरीन ड्राइव्हवरच्या पोलीस चौकीत एका अल्पवयीन मुलीवर पोलीस शिपायानेच बलात्कार केला. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. पण तेव्हा कितीजण विचारत होते, ती पोर तिथे गेलीच कशाला? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्या गावातही पहिला तोच येतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘व्हाय लॉयटर’. म्हणजे उगाच का भटकायचं. त्यांनी मुंबईच्या बायकांचं निरीक्षण करून दाखवलं की बाईला बाहेर उभं राहायला नेहमी कारण लागतं. हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा, चाल घाईची हवी. कामाशिवाय नुसतं बसलेली बाई लोकांना खपत नाही. आपण हसतो, पण आपलं काय वेगळं आहे? डोक्यावर घागर असेल तर नदीवर जा. धुण्याचं पिळं असेल तर घाटावर बस. रिकाम्या हाताने नदीकाठी बसून बघा, संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो.

जागा निवडायची तर कशी?

आता मुद्द्यावर येऊ. लग्नाचं विचारायला जागा कोणती चांगली? आम्हाला वाटतं, तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, ‘नाही’ म्हणता येतं का. ही सगळ्यात मोठी. विचारणं खरं कधी होतं? समोरच्याला नकार देता येतो तेव्हा. नाहीतर ते विचारणं नाही, कळवणं आहे. हल्ली मोबाइलवर बघतो आपण. मुलगा गर्दीत गुडघ्यावर बसतो, हातात अंगठी, दोस्त टाळ्या वाजवतात, चार फोन चित्रीकरण करतात. गुडघ्यावर बसायची ही रीत गोऱ्या लोकांकडून सिनेमातून आली. रीतीला आमची हरकत नाही. पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघा. तिला नको असेल तर ती शंभर माणसांसमोर काय म्हणेल? मांडवातल्या मुक्या नवरीचीच ही नवी गत. पाहुण्यांच्या जागी प्रेक्षक आले एवढंच. म्हणून गर्दी जवळ असावी, पण गर्दीला प्रश्न ऐकू जाऊ नये. कट्ट्याचा गुण हाच होता. कॅमेरा आला की तो गुण जातो.

दुसरी, तिला आपल्या पायांनी परत जाता येतं का. दिवेलागण, माणसांची वर्दळ, जवळ स्टेशन किंवा एसटीचा थांबा, हातात पैसे. मरीन ड्राइव्हवरून नकार देऊन मुलगी उठली, तर दहा मिनिटांत ती बायकांच्या डब्यात बसलेली असते. निर्जन किल्ल्यावर, धरणाच्या भिंतीपलीकडे किंवा त्याच्याच गाडीवर मागे बसून गेलेल्या ठिकाणी हे होत नाही. नकाराचा राग काय करू शकतो, ते आपल्या राज्याने पाहिलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात एका तरुण शिक्षिकेला एकाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्याने ती गेली. म्हणून ‘नाही’ म्हणून सुखरूप घरी पोचणं, याला आम्ही किरकोळ गोष्ट मानत नाही.

तिसरी, दोघांचाही हक्क सारखा आहे का. त्याच्या मित्राचं घर, त्याच्या मामाचं हॉटेल, तिथे ती पाहुणी असते आणि तो मालक. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. आणि विचारायचं फक्त मुलानेच, असंही कुठे लिहून ठेवलेलं नाही. मुलीने विचारलं तरी चालतं. फक्त मग मुलालाही ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी.

आपल्या गावात कट्टा कुठे?

आपल्या गावात कट्टे नाहीत असं नाही. पारावर कट्टा आहे, चावडीवर आहे, स्टँडवर आहे. बसतात कोण? आपण तिथून डोक्यावरचा पदर सावरत पुढे जातो. नदीला घाट आहे, पण तो धुण्याचा आणि दहाव्याचा. मुलीने कुणाशी, अगदी आईशीसुद्धा, निवांत बोलावं अशी जागा गावात नाही. मग बोलणं चोरून होतं. चोरून केलेल्या बोलण्यात धोका जास्त, कारण काही झालं तर घरी सांगता येत नाही. मुलगी घरी सांगू शकते तेव्हाच ती सुरक्षित असते.

आमचं म्हणणं असं नाही की उद्या प्रत्येक गावाने मरीन ड्राइव्ह बांधावा. पण दोन गोष्टी गटाला जमण्यासारख्या आहेत.

एक, ग्रामसभेत मागणी करा. तळ्याकाठी, नदीकाठी, शाळेजवळ चार बाकं आणि दोन दिवे, आणि तिथे बायकामुलींनी बसायचं. गटाची बैठक महिन्यातून एकदा तिथेच घ्या. आठ-दहा जणी नेमाने बसल्या की जागा आपोआप बायकांची होते. मग पोरीही बसतात आणि कुणी बोट दाखवत नाही.

दोन, स्थळ आलं की पाहुण्यांना होकार कळवण्याआधी मुलीला एकटीला विचारा. चुलत्यासमोर नाही, बापासमोर नाही, फोटो हातात देऊन ‘चांगलं आहे ना?’ असं नाही. तिला घेऊन चालायला जा. शेताकडे, ओढ्याकडे, देवळाच्या मागे. शेजारी शेजारी चालत विचारा, तुला करायचं आहे का? आणि ती गप्प राहिली तर त्याचा अर्थ हो असा लावू नका. गप्प राहणं म्हणजे भीतीही असते. तिने कुणाचं नाव सांगितलं, तर पहिला प्रश्न जातीचा विचारू नका. मुलगा तुझं ऐकतो का, नाही म्हटलं तर चिडतो का, हे विचारा.

आणि मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिचं लग्न ठरवत असतील, तर ‘हो’ किंवा ‘नाही’चा प्रश्नच येत नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करा. मोठ्या मुलीवर जबरदस्ती होत असेल, धमकी येत असेल, तर १८१ किंवा ११२ लावा.

पुढच्या बैठकीत एक गोष्ट करा. प्रत्येकीने सांगायचं, तुझं लग्न ठरताना तुला कुणी विचारलं होतं का? कुठे विचारलं? आणि तेव्हा तू ‘नाही’ म्हणाली असतीस तर काय झालं असतं? थोरल्या बायकांपासून सुरुवात करा, सुनांना ऐकू द्या. मग सुनांनी सांगावं, लेकींना ऐकू द्या.

लेकीचं स्थळ बघताना आपण सगळं तपासतोच. यापुढे तिला कुठे आणि कसं विचारलं, तेही तपासू.